पाच किलोंची टर्की आणि पाचची गाडी

मित्रांनो, फ्रिजचे दार लावल्यावर आतला दिवा खरोखर विझतो का, हा प्रश्न तुम्हांलाही कधीतरी पडला असेल. दार बारीक फटीएवढे उघडून तुम्ही चोरून पाहिलेही असेल. मी एक जुना फ्रिज आहे, तेव्हा माझ्या शब्दावर विश्वास ठेवा. तो विझतो. माझे बहुतेक आयुष्य अंधारातच गेले आहे. दुधाचे पातेले आणि दोन-चार लिंबे सोबतीला घेऊन मी त्या अंधारात स्वप्ने पाहतो आणि स्वप्नात बारीक गुणगुणतो. मग कोणीतरी दार उघडते आणि समोर एक चेहरा उजळतो. कधी तो भुकेला असतो, कधी पेंगुळलेला, तर कधी आपण दार कशासाठी उघडले हेच विसरलेला. दार लागले की तोही चेहरा माझ्या स्वप्नात मिसळून जातो. ऐकू मात्र मला सदासर्वदा येते.

मी पाहिलेला पहिला चेहरा कारखान्यातल्या एका बाईंचा होता. माझ्या दाराभोवती रबराची पट्टी बसवण्याचे काम त्यांच्याकडे होते. पट्टी बसवून त्यांनी कागदाचा एक चिटोरा दारात धरला, दार लावले आणि चिटोरा ओढून पाहिला. तो सहज निघेना. "लागलं बाई घट्ट," असे म्हणून त्यांनी माझ्या कुशीवर एक चापट मारली. माझ्या वाट्याला आलेली ती पहिली शाबासकी. त्या बाई पुन्हा कधी दिसल्या नाहीत, पण त्यांनी बसवलेले रबर आजही घट्ट आहे.

मग मी या घरी आलो. स्वयंपाकघरात एका अंगाला ओटा आणि दुसऱ्या अंगाला खिडकी, अशी मधली जागा मला मिळाली. पहिले काही दिवस माझे कौतुक विचारू नका. शेजारची माणसे बर्फ पाहायला येत. या घरच्या लेकीला तेव्हा नुकते चालता येऊ लागले होते. एके ठिकाणी पाय ठरत नसे, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणत. ती माझ्या दाराला गाल लावून उभी राहायची आणि माझे गुणगुणणे ऐकायची. पुढे कौतुक ओसरले. मी घरातलाच एक झालो, म्हणजे माझ्याकडे पाहायचे सगळे विसरले. माझ्या डोक्यावर औषधांच्या बाटल्या आल्या, पाठीमागे धूळ साचत गेली आणि माझे गुणगुणणे जरासे घरघरू लागले.

वर्षातून एकदा मात्र मला मान मिळायचा. नाताळच्या महिनाभर आधी आई एक कोरा कागद घेऊन माझ्यापुढे उभी राही. कागद माझ्या दारावरच टेकवून ती पेन्सिलीने लिही, त्यामुळे तिचे प्रत्येक अक्षर मला अंगावर उमटल्यासारखे कळे. तिची रीत उलटी होती. यादीची सुरुवात ती शेवटापासून करी. नाताळच्या दिवशी दुपारी एक वाजता पाने मांडायची, हे सर्वांत खाली. एकला जेवायचे तर साडेबाराला टर्की, म्हणजे अख्खा भाजायचा तो कोंबडीहून मोठा पक्षी, भट्टीतून बाहेर हवी. भाजायला तीन तास, म्हणजे साडेनऊला ती आत गेली पाहिजे. दुकानातून येते ती दगडासारखी गोठलेली, आणि माझ्या खालच्या कप्प्यात तिच्यातला बर्फ हळूहळू सुटायला चार दिवस लागतात. म्हणजे ती आणायची एकवीस तारखेला. पालेभाजी आदल्या दिवशी सकाळी, नाहीतर मान टाकते. साय तेवीसला. लोणी दोन आठवडे आधी आणले तरी चालते. केकसाठी भिजवायचा सुकामेवा तर त्याच दिवशी, कागद लिहून झाला की लगेच. अशी पायरी पायरीने ती दिवसांवरून मागे उतरत येई आणि आजच्या दिवसाशी येऊन थांबे. अंधारात तो कागद दारावर घेऊन उभा असलो की मला वाटे, हे घर पुढे चाललेले नाही. पुढे कुठेतरी एक मांडलेले ताट आहे आणि ते या घराला अलगद आपल्याकडे ओढून घेते आहे.

मित्रांनो, या नाताळची गोष्ट मला तुम्हांला सांगायची आहे.

बाबा बस डेपोत वेळापत्रके आखतात. डेपोतले लोक त्यांना मिनिटमास्तर म्हणतात. तीन वर्षांपूर्वी भिंगरीने त्याच डेपोतली कचेरीची नोकरी सोडली आणि दुसऱ्या गावच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात काम धरले. ती हे सांगायला आली तेव्हा पाण्याच्या बाटलीसाठी तिने माझे दार उघडले होते. "इतकं शिकवलं ते लोकांची भांडी घासायला का?" असे बाबा म्हणाले. भिंगरीने दार इतक्या जोरात लावले की माझ्यातली दोन अंडी फुटली. त्यानंतर तीन नाताळ ती आली नाही. यंदा तिचा फोन आला की येते, पण त्याच दिवशी संध्याकाळी पाचच्या गाडीने परत जायचे आहे.

आणि नेमके यंदाच आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. ती आतल्या खोलीत पलंगावर होती. कागद तिने पडल्या पडल्या लिहून दिला आणि खरेदी बाबांकडे आली.

बाबांनी तो कागद माझ्या दारावर लावला आणि सुस्कारा सोडला. मग पट्टी आणि बॉलपेन आणून त्यांनी त्याचे रीतसर वेळापत्रक केले. त्यांच्या हाताचा दाब भारी. रेघ न रेघ मला टोचत होती. एकवीस तारखेच्या टर्कीवर त्यांनी काट मारली आणि ती चोवीसच्या संध्याकाळी लिहिली. "चार दिवस एवढी जागा अडवून नुसतीच पडून राहणार?" ते स्वतःशीच म्हणाले. "आदल्या दिवशी आणली की झालं. वेळेवर म्हणजे वेळेवर." ज्यांनी जन्मभर एकही गाडी डेपोत विनाकारण उभी राहू दिली नाही, त्यांना चार दिवस पडून राहणे हेही एक काम असते, हे कसे सुचावे?

मला ते ठाऊक होते, पण मला बोलता येत नाही. एकवीस तारीख आली नि गेली. खालचा कप्पा रिकामाच होता. त्या दिवसांत माझ्या स्वप्नांत सारखी ती रिकामी जागा येत राहिली, बर्फावरच्या चांदण्यासारखी पांढरी आणि निश्चल. आतल्या खोलीतून आई विचारी, "अहो, सगळं आलं ना?" बाबा म्हणत, "अगदी वेळापत्रकाप्रमाणे." चोवीसच्या संध्याकाळी पाच किलोंची टर्की आली. कप्प्याच्या काचेवर ती ठेवली तेव्हा खणकन आवाज झाला. मी रात्रभर तिला थंड ठेवले, कारण मला तेवढेच येते. आयुष्यात एकदाच मला कामचुकार व्हावेसे वाटले.

सकाळी साडेआठला बाबांनी ती बाहेर काढली आणि गडबडीत माझे दार अर्धवट उघडेच राहिले. आधी बोटाने दाबून पाहिली, मग मुठीने ठोकून पाहिली.

"दार वाजतंय का रे?" आत्याने बाहेरून विचारले. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. ती जेवायला येणार म्हणून सकाळीच येऊन बसली होती. आत येऊन तिने ओट्यावर नजर टाकली. "अरे देवा! ही भाजायची आहे की हिच्यावर घर बांधायचंय?"

"हळू बोल ना, ताई."

"मी हळू बोलून ती मऊ होणार आहे का?"

इतक्यात भिंगरी आली. पिशवी खांद्यावर तशीच ठेवून ती स्वयंपाकघराच्या दारात थांबली. बाबांनी टर्कीपुढे उभे राहून ती झाकायचा प्रयत्न केला. पण टर्की मोठी होती आणि बाबा तसे किरकोळच.

"ये, ये. गाडी वेळेवर होती?" ते म्हणाले.

"वेळेवर होती." तिने पिशवी खाली ठेवली, बाह्या वर सारल्या आणि टर्कीवर हात ठेवला. "कधी आणली?"

"काल."

बाबांची मान खाली गेली होती. ती रागावेल, नाहीतर हसेल, असे मला वाटले. तिने माझे दार नीट लावले आणि नुसती मोठी बादली मागितली. टर्की तिच्या प्लास्टिकच्या वेष्टनासकट गार पाण्यात बुडवायची आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलायचे, असे तिने सांगितले. "गरम पाण्यात घातली तर बाहेरून खराब होईल आणि आतून दगडच राहील. आमच्याकडे दोनशे माणसं जेवतात. तिथेही एकदा अशीच गफलत झाली होती."

"कोणाकडून?" बाबांनी विचारले.

"माझ्याकडून."

मग बादलीच्या दोन बाजूंना दोन स्टूल ओढल्याचे मला ऐकू आले. बाबा दर अर्ध्या तासाला "झाला," म्हणत. दोघे मिळून बादली मोरीत ओतत आणि पुन्हा भरत. मधल्या वेळात करण्यासारखे काही नव्हते, म्हणून हळूहळू बोलणे निघाले. दोनशे ताटे एका वेळी कशी निघतात, असे बाबांनी विचारले. कोणाला मीठ नको, कोणाला साखर नको, कोणाला फक्त पातळ चालते, हे ती सांगत राहिली. मधेच बाबा म्हणाले, "म्हणजे वेळापत्रकच की हे."

"मग तुम्हांला काय वाटलं होतं?"

बादलीत कुठेतरी बर्फ तडकल्याचा आवाज आला. मग बाबा म्हणाले, "मला काहीच वाटलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं."

आतून आईची हाक आली, "अहो, बारा वाजत आले. भाजल्याचा वास कसा येत नाही अजून?"

"येतोय, येतोय!"

"वास येतोय का तुम्ही येताय?"

शेवटी आत्यानेच आत जाऊन सारे सांगून टाकले. तेव्हा आईचा आवाज अख्ख्या घरात घुमला. "चार दिवस लिहिलं होतं मी!"

"अगं, चार दिवस नुसती पडून राहिली असती!"

"मग काय तिने उठून लादी पुसायची होती?"

एक वाजून गेला. पाने मांडली गेली नाहीत. आत्या कोरडा पाव खात बसली. भिंगरीने लोण्यासाठी माझे दार उघडले आणि टर्की दाबून पाहिली. दार उघडे ठेवूनच ती बोलू लागली, म्हणून पुढचे सगळे मला दिसले.

"आता हिचे तुकडे करता येतील," ती म्हणाली. "तुकडे केले तर साडेतीनपर्यंत जेवण होईल. अख्खी भाजायची तर आणखी तासभर सुटू द्यायला हवी. मग साडेपाच."

पाचच्या गाडीचे नाव तिने घेतले नाही. बाबांनीही घेतले नाही. माझ्या दिव्याच्या उजेडात बाबांचा चेहरा फार थकलेला दिसत होता. तीन वर्षांत ते इतके म्हातारे झाले आहेत, हे मला ठाऊक होते, कारण मी त्यांना रोज पाहत होतो. भिंगरी मात्र ते पहिल्यांदाच पाहत होती.

बाबांनी खणातून मोठी सुरी काढली आणि मुठीकडची बाजू तिच्यापुढे धरली. "तुकडे कर," ते म्हणाले. "तुझी गाडी चुकायला नको. मी आजवर कोणाची गाडी चुकवलेली नाही."

तिने सुरी घेतली. माझ्या आतली थंडी भराभर बाहेर चालली होती, मोटर जिवाच्या आकांताने धावत होती, आणि तरीही तिने दार लावू नये असे मला वाटत होते.

"मग आज चुकवा की, बाबा," ती म्हणाली आणि तिने सुरी परत खणात ठेवली.

त्या दिवशीचे जेवण पावणेसहाला झाले. आईचा पलंग दारापर्यंत सरकवला होता. आत्याने तीनदा वाढून घेतले आणि टर्की जरा कोरडी झाल्याचे प्रत्येक वेळी सांगितले. पाच वाजले तेव्हा बाबांनी घड्याळाकडे पाहिले का, ते मला माहीत नाही. माझे दार बंद होते. मी आत उबेचे स्वप्न पाहत होतो, आणि फ्रिजने तसले स्वप्न पाहावे हे मलाच नवल वाटत होते.

दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी भिंगरीने माझ्या कुशीवर हात ठेवला. "हा किती धापा टाकतोय, बाबा. मागून कधी पुसलाय?"

कोणालाच आठवेना. मग दोघांनी मला दोन्ही बाजूंनी धरले. "सावकाश हं, तुमची पाठ," ती म्हणाली. "तू तुझी सांभाळ," ते म्हणाले. कित्येक वर्षांनी मी भिंतीपासून सुटलो. माझ्या पाठीवरच्या जाळीत धुळीची एक जाड गोधडीच अडकली होती. बाबांनी विजेरी धरली आणि भिंगरी ब्रशने ती धूळ हळूहळू काढत राहिली.

"फेब्रुवारीत येईन," ब्रश झाडता झाडता ती म्हणाली. "आईचा गुडघा बघायला."

"ये," बाबा म्हणाले. मित्रांनो, त्यांनी तारीख विचारली नाही.

तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. सणाची यादी कराल तेव्हा कोणती वस्तू कधी लागणार, एवढेच पाहू नका. तिला तयार व्हायला किती वेळ हवा, तेही पाहा, आणि तेवढा वेळ तिला द्या. आणि तुमच्या घरात वर्षानुवर्षे भिंतीला पाठ लावून जे कोणी मुकाट्याने काम करत उभे असतील, त्यांना अधूनमधून जरा पुढे ओढा. त्यांच्या मागे काय साचले आहे ते बघा. त्यांना ते स्वतःहून सांगता येत नाही.

माझी घरघर आता थांबली आहे. फेब्रुवारी किती दिवसांवर आहे, हे मला मोजता येत नाही. मी थंड राहतो आणि वाट पाहतो.