मुळासकट

शनिवारी सकाळपासून विजयाताईंचा पाय घरात ठरत नव्हता. गॅसवर दूध ठेवून त्या गच्चीवर गेल्या, वाळलेले कपडे न काढताच खाली आल्या, आणि दूध उतू गेलं ते गेलंच. मयूर पुण्याहून निघाला होता. नागपूरला उतरून सौंसरची बस धरायची, म्हणजे साडेबारापर्यंत घरी. एरवी पोरगा येणार म्हटलं की या बाईला दहा हात फुटतात. आज होते ते दोनही धड चालत नव्हते.

कारण होतं बैठकीत टीव्हीशेजारी उभा असलेला पांढरा डबा. मयूरचा गेम खेळायचा कन्सोल. त्यातली मयूरने चार वर्षं खपून उभी केलेली फुटबॉलची टीम विजयाताईंनी बुधवारी दुपारी स्वतःच्या हाताने पुसून टाकली होती, आणि मयूरला ते अजून माहीत नव्हतं.

का पुसली? जागा कमी पडली म्हणून. पण जागा हवी होती कुणाला, ते सांगायची त्यांना जास्त लाज वाटत होती.

डबा मयूरने एकवीस साली घेतला, तेव्हा तो घरूनच काम करायचा. पुढे ऑफिसने पुण्याला बोलावलं. एका खोलीत तिघं राहायचे, तिथे याला कुठे ठेवणार, म्हणून डबा सौंसरलाच राहिला. त्याच सुमारास पांढुर्णा जिल्हा झाला आणि मयूरचे बाबा दिलीपराव यांचं सरकारी टेबल तिकडे हललं. सकाळी आठला जेवणाचा डबा घेऊन ते बसला पळतात, ते संध्याकाळी साडेसातला उगवतात. मधले साडेअकरा तास विजयाताई आणि भिंती. पहिले काही महिने त्यांनी त्या कन्सोलवरची नुसती धूळ पुसली. मग एका दुपारी धूळ पुसताना बटण दाबलं गेलं. दाबलं गेलं असं त्या म्हणतात. आपण कशाला खोलात जा.

आत शेतीचा एक गेम होता. विजयाताईंचं माहेर लोधीखेड्याजवळचं, संत्र्याच्या बागेतच बालपण गेलेलं. त्या गेममधली झाडांची लावणी पाहून त्यांना आधी हसू आलं, मग राहवेना. पहिल्याच आठवड्यात त्यांनी झाडांचं पाणी तोडलं. संत्र्याला ताण दिल्याशिवाय बहार फुटत नाही, हे त्यांच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेममधल्या झाडांना ते ठाऊक नव्हतं. सगळी तीन दिवसांत वाळून गेली. विजयाताई इतक्या चिडल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा बसल्या. झालं, तिथून लागलं ते लागलंच. आता चोपन्नाव्या वर्षी त्यांच्या नावावर चाळीस एकर बाग होती, दोन ट्रॅक्टर होते आणि एक नदी होती. दिलीपरावांना याचा पत्ता नव्हता. दुपारी बाईने झोप काढावी, भिशीला जावं, शेजारणीची उणीदुणी काढावी, सौंसरात कुणी नाव ठेवत नाही. गेम खेळते म्हटलं असतं तर मात्र बाजारात चर्चा झाली असती.

बुधवारी गेमचा नवा हंगाम आला आणि डब्याने जागा नाही म्हणून हात वर केले. डब्याच्या खोक्यावर आठशेच्या वर जीबी लिहिलेत, पण वापरायला मिळतात साडेसहाशेच. बाकीचे तो स्वतःकडेच ठेवतो. प्लॉट घेताना तीस बाय पन्नास सांगतात आणि पाच फूट रस्त्यात जातो, तसलंच ते. उरलेल्यात मयूरचे गेम मांडी ठोकून बसलेले. त्यात फुटबॉलचे दोन होते, एक एकवीस सालचा आणि एक गेल्या वर्षीचा. जुनं कॅलेंडर कोण भिंतीवर ठेवतं? विजयाताईंनी जुना काढला.

इथेच थांबल्या असत्या तर काही बिघडलं नसतं. काढलेला गेम पुन्हा उतरवता येतो, आणि खेळणाऱ्याची कमाई वेगळ्या कप्प्यात सुरक्षित राहते. पण विजयाताईंना तो दुसरा कप्पाही दिसला. त्यात त्याच फुटबॉलचं नाव पुन्हा. त्यांना आठवला तो कुंदा, शेतातलं ते चिवट तण. वावरात कुंदा माजला की वरवर कापून भागत नाही. बोटभर मूळ राहिलं तरी पंधरा दिवसांत वावर पुन्हा हिरवं. काढायचा तर मुळासकट, हे त्या फ्रॉकमध्ये असताना शिकलेल्या. डब्याने दोनदा विचारलं, नक्की काढू का? त्यांनी दोनदा हो म्हटलं आणि समाधानाने हात झटकले.

शुक्रवारी सकाळी मयूरचा फोन आला. "आई, उद्या येऊन राहिलो. माझी सौंसरची टीम फायनलले आहे, ते खेळाची आहे मले."

"कोणती टीम?" विजयाताईंनी विचारलं.

"अवं, ते जुन्या गेममधली. देवीदास गोलकीपर नाही का?"

विजयाताईंची पाचावर धारण बसली. देवीदास म्हणजे बस स्टँडजवळचा चहावाला. मयूरने त्याला गोलकीपर केला होता, शाळेतल्या अभिजीतला पुढे खेळवलं होतं, गणिताच्या सरांना राखीव बसवलं होतं. हे सगळे त्यांना चांगले माहीत होते. ते कोणत्या गेममध्ये राहतात, तेवढंच त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्या तशाच शेजारी पूनमकडे गेल्या. पूनम एका खाजगी शाळेत कॉम्प्युटर शिकवते, आणि विजयाताईंच्या बागेची गोष्ट जगात तिलाच माहीत. तिने येऊन डबा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"काकू, गेम आणता येते वापस. पण जगा लागन. तुमची शेती काढा लागन."

"काढ," विजयाताई म्हणाल्या. चाळीस एकर बाग पुसायला त्यांना एक क्षण लागला नाही, आणि हे त्यांचं त्यांनाही नवल वाटलं.

पूनमने शेतीचा नुसता गेम काढला, बागेच्या कप्प्याला हात लावला नाही. दुपारभर फुटबॉल थेंबथेंब उतरत राहिला. संध्याकाळी पाचला उघडला, तर त्याने नम्रपणे विचारलं, तुमच्या टीमचं नाव काय ठेवायचं? कोरी पाटी. 

"सांगून द्या ना, लाईन गेल्ती अन् आपोआप उडलं," पूनम म्हणाली. "दादाले काय समजते."

"त्याले समजते," विजयाताई म्हणाल्या. पण रात्रभर आणि आज सकाळभर त्या वीज गेल्याचं तेच वाक्य घोकत होत्या. लाईन गेल्ती, आपोआप उडलं. भाजी चिरताना घोकलं, केर काढताना घोकलं. दोनदा तर मोठ्याने म्हटलं.

भीती रागाची नव्हती. मयूर रागावणारा पोरगा नाही. भीती वेगळीच होती आणि ती त्यांना आज पहिल्यांदा नीट दिसत होती. पुण्याहून त्याचा फोन यायचा तो दोन मिनिटांचा. जेवला का, हो. बाबा कसे, बरे. ठेवतो. घरी आला की मात्र तो टीव्हीपुढे बसायचा, विजयाताई शेजारी दिवाणावर लसूण सोलत बसायच्या, आणि मॅच चालू झाली की त्याच्या तोंडाचं कुलूप उघडायचं. ऑफिसातला साहेब, घरमालकीण, खोलीवरच्या कुणालचं मोडलेलं लग्न, सगळं त्यांना देवीदासने गोल अडवता अडवता कळलं होतं. त्या टीमसाठी तरी पोरगं दर दोन महिन्यांनी येत होतं. आता कशासाठी येईल? आईच्या हातचं जेवण म्हणावं, तर आजकाल ते पुण्यातही मोबाइलवर मागवता येतं.

पाऊण वाजता मयूर आला. पाया पडला, हातपाय धुतले, जेवला. भाजीत मीठ नव्हतं. त्याने लोणचं वाढून घेतलं. हात पुसत पुसत तो टीव्हीपुढे जाऊन बसला.

"आई, ये ना. फायनल आहे."

"आली," असं म्हणून त्या स्वयंपाकघराच्या दारातच उभ्या राहिल्या.

गेम उघडला. टीमचं नाव विचारणारी पाटी आली. मयूरने ती बंद केली, पुन्हा उघडली. मग दुसरा कप्पा पाहिला. बराच वेळ तो नुसता वर-खाली करत राहिला. शेवटी त्याने खांदे पाडले.

"गेलं वाटते," तो म्हणाला. "अपडेटनं उडवलं असन. कवाकवा होते असं. ऑनलाइन कॉपी राहते, पण ते मीच बंद केलं."

घ्या. कालपासून जी थाप घोकून घोकून तोंड दुखलं, ती पोरानेच आयती ताटात वाढली. विजयाताईंना फक्त मान हलवायची होती. मान हलवली असती तर गोष्ट तिथेच मिटली असती, आणि यंत्राला शिव्या देऊन दोघं मोकळे झाले असते. त्यांची मान हललीही थोडी. पण त्याचे पडलेले खांदे पाहून त्यांना स्वतःचाच संताप आला.

"मी काढलं," त्या म्हणाल्या.

"काय?"

"मीनं काढलं. मले जगा पाहिजे होती."

"तुले कायची जगा?"

मग त्यांनी सगळं सांगितलं. बाग, ट्रॅक्टर, वाळलेली झाडं, नवा हंगाम, कुंदा. चोपन्न वर्षांची बाई दारात उभी राहून, पदराचं टोक पिळत, शाळेत उशिरा आलेल्या मुलीसारखी सांगत होती. मयूर ऐकत होता. ऐकून झाल्यावर तो उठला.

"चार वर्षं होते त्याच्यात, आई," तो म्हणाला, आणि बाहेर ओट्यावर जाऊन उभा राहिला.

विजयाताई आत गेल्या. धुतलेली भांडी पुन्हा धुवायला घेतली, सोडली. चहा टाकू का, नको. बाहेर जाऊ का, नको. पाच मिनिटं अशी गेली, मग त्यांच्याने राहवेना. ओल्या हातानेच त्या ओट्यावर आल्या.

"आता तू येशीन कायले?" त्यांनी विचारलं. 

मयूरने वळून पाहिलं. "मतलब?"

"टीमसाठी येत होता ना तू."

मयूर रस्त्याकडे वळला. समोरून संत्र्यांचे क्रेट भरलेला टेम्पो गेला.

"पुण्याले माझ्यापाशी दुसरा डबा आहे, आई. दिवाळीपासून. ह्याच्याहून मोठा."

"मंग ते टीम काहून नाही नेली तिकडं?"

"तिकडं नेऊन काय करू?" तो म्हणाला. "इथं मी खेळाले बसलो का तू बाजूले येऊन बसते. नाही बसलो का तू सयपाकघरात. दोन दिवसासाठी येतो मी, अन् दोन्ही दिवस तू माझ्यासाठी कायनं काय रांधून राहते. बोलाचं कवा तुह्याशी?"

विजयाताईंना हे ऐकून रडू यायला हवं होतं. त्यांना राग आला, खराखुरा. दोन वर्षं त्या फुटबॉलचे नियम पाठ करत होत्या. ऑफसाइड म्हणजे काय हे कळायला त्यांना सहा महिने लागले होते.

"मंग तसं सांगाचं ना," त्या म्हणाल्या.

"तू सांगतलं का? दुपारभर शेती करून राहिली, मले एका शब्दानं नाही सांगतलं."

विजयाताईंनी ओले हात पदराला पुसले.

मयूर आत आला. जमिनीवर बसून त्याने तो कोरा फुटबॉल काढून टाकला आणि शेतीचा गेम उतरवायला लावला. टीव्हीवर एक निळी रेघ आली, आणि तिच्याखाली आकडा. चार तास दहा मिनिटं.

"चार तास," विजयाताई म्हणाल्या. "तवरक मी चकल्या तळून घेतो, पीठ भिजवलं आहे."

"आई, बस ना."

टीव्हीवर पाहण्यासारखं काही नव्हतं. ना गोल, ना झाडं. ती रेघ तर हलतही नव्हती. विजयाताई दिवाणावर टेकल्या. लसूण आत राहिला होता, हातांचं काय करायचं ते सुचेना, म्हणून त्यांनी ते मांडीवर ठेवले.

"बोल," त्या म्हणाल्या.