यंदा जरा बिघडलीच

उषाताईंच्या चकलीला कुणी चांगलं म्हटलं, की उषाताई स्वतःच तिची बदनामी सुरू करत. आता ह्याला काय म्हणावं! लग्न होऊन बरकतपुऱ्यात आल्यापासून दर दिवाळीला हेच. पाहुणा पहिला तुकडा मोडायचा, कुर्रकन आवाज व्हायचा, डोळे मिटून तो "वा वहिनी!" म्हणायचा, आणि ह्या म्हणणार, "कसचं काय, यंदा जरा बिघडलीच. सांभाळून घ्या." मग पाहुण्याने "छे छे, काहीतरीच तुमचं" म्हणायचं आणि आणखी दोन उचलायच्या. अशी ती रीत. स्वतःच्या हाताची तारीफ स्वतः करणारी बाई आपल्यात कुणी पाहिलीय का? आणि वर दृष्ट लागते ती वेगळीच.

पोराच्या बाबतीतही तेच. केदार इंजिनियर झाला, माधापूरच्या मोठ्या कंपनीत लागला, तेव्हा पेढे वाटताना उषाताई म्हणत होत्या, "कसचा हुशार, पेपर सोपे निघाले." मनातून मात्र अशा फुलल्या होत्या की विचारू नका.

ती नोकरी फेब्रुवारीत गेली. सकाळी कंपनीची मेल आली आणि संध्याकाळी लॅपटॉपसुद्धा परत मागवला. वरच्या मजल्यावरच्या एकनाथरावांनी जिन्यात विचारलं, तेव्हा केदार म्हणाला, "वर्क फ्रॉम होम आहे काका." तेव्हापासून तो इस्त्रीचा शर्ट घालून, खोलीचं दार लावून बसायचा. कशासमोर बसायचा देव जाणे. पूर्वी हा पोरगा हसला की एकनाथराव वरून ओरडायचे, "अरे केदार, काय झालं, आम्हाला पण सांग!" आता घरात कुकरच्या शिट्टीशिवाय आवाज नव्हता. तो ताटावर मान खाली घालून जेवायचा. नोकऱ्या काय, येतात जातात. पण हसरं पोर असं मिटून बसलं तर आईने करायचं काय?

म्हणून दसऱ्याच्या सुमारास केदार जेव्हा म्हणाला, "आई, तुझ्या चकल्या इन्स्टाग्रामवर विकूया का?" तेव्हा त्यांनी इन्स्टाग्राम म्हणजे काय हेही विचारलं नाही. त्याच्या डोळ्यांत इतक्या महिन्यांनी जरा जान दिसली होती. विटा विकूया म्हणाला असता तरी त्यांनी हौ म्हटलं असतं.

पहिले काही दिवस नुसता तमाशा. केदारने पेजला झकपक इंग्रजी नाव दिलं, काळ्या पाटीवर एकच चकली ठेवून फोटो काढले, मागे धडधड वाजणारं म्युझिक लावलं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग त्याने फॉलोअर विकत घेतले. म्हणजे पैसे दिले की आपल्या नावापुढे माणसं वाढतात, असं काहीतरी.

"विकतची माणसं चकली कशाला खातील रे?" उषाताईंनी विचारलं. त्यांचं बरोबर होतं. एकानेही खाल्ली नाही.

एक दिवस सोऱ्याचं झाकण अडकलं. उषाताई त्या सोऱ्यावर अशा डाफरल्या, की केदारने गुपचूप तेवढंच फोनवर घेतलं आणि तसंच्या तसं टाकून दिलं. आणि काय सांगता! लोक पोट धरून हसले. "आंटी, हमारा सोऱ्या भी ऐसेच सताता," असं तारनाक्याच्या लावण्या नावाच्या एका पोरीने लिहिलं आणि पहिली ऑर्डर दिली. मग सिकंदराबादहून आल्या, कुठून कुठून आल्या. केदारने ते इंग्रजी नाव काढून 'उषाताईंची चकली' असं साधं नाव ठेवलं. स्वतः मात्र कधी व्हिडिओत आला नाही. "जुन्या ऑफिसातले बघतात आई," म्हणायचा. "तू बोल, मी फोन धरतो."

"लोक लिहितात त्यांना उत्तरं देत जा," असं सांगून त्याने फोन आईच्या हाती दिला. "उत्तर मिळालं की माणूस टिकतो." हे मात्र तो खरंच शहाणपणाचं बोलला. फक्त कुणाला सांगतोय हे विसरला.

लावण्याने लिहिलं, "चकली एकदम मस्त थी, घर में सब लोगां खा लिए." उषाताईंनी शिकल्या संस्काराला जागून उत्तर दिलं, "कहां की मस्त बेटा, इस बार जरा बिगडीच. संभाल लो." कुणी म्हटलं फार खुसखुशीत, ह्यांनी लिहिलं, तिखट जरा कमी पडलं. प्रत्येकाला न चुकता. त्यांना वाटलं, आता लोक म्हणतील, छे छे, काहीतरीच तुमचं. पण फोनवरच्या लोकांना ही रीत कुठली ठाऊक! त्यांनी ते खरं धरलं. नव्या गिऱ्हाइकांनी "माल खराब है क्या?" विचारलं आणि ऑर्डरी रद्द केल्या.

केदारने वाचलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"आई, आपल्याच मालाला कुणी वाईट म्हणतं का?"

"मग काय, हो हो फारच छान झालीय म्हणत बसू? लाज आहे की नाही काही?"

"माझ्याबाबतीतही आयुष्यभर हेच केलंस," केदार एकदम म्हणाला. त्याचा आवाज चढला नव्हता, आणि त्यामुळेच ते जास्त लागलं. "कसचा हुशार, पेपर सोपे निघाले. नोकरी गेली ना, तेव्हा मला वाटलं, आई खरंच बोलत होती."

अरे वेड्या, ते तर लोकांसाठी असतं, असं उषाताईंना ओरडून सांगायचं होतं. पण तो फोन घेऊन खोलीत गेला होता. त्या ओट्याशी उभ्या राहून पदराने डोळे पुसत राहिल्या. इतकी वर्षं दृष्ट काढली, आणि आपणच लावली की काय?

दिवाळी आठवड्यावर आली, तेव्हा सोऱ्याचा तो व्हिडिओ पुन्हा कुठे कुठे फिरला आणि ऑर्डरींची झुंबड उडाली. नेमक्या त्याच दिवशी काचीगुड्याला नणंद पाय घसरून पडली. उषाताई सगळ्या चकल्या तळून, कपड्यावर पसरून निघाल्या. जाताना बजावलं, "पुरत्या निवल्याशिवाय पाकिटात भरू नकोस रे बाबा." परत आल्या तेव्हा पाकिटं रवाना झाली होती.

"निवल्या होत्या ना?"

"हौ आई," केदार म्हणाला, पण वर बघितलं नाही.

नव्हत्याच निवल्या. कुरियरवाला दारात उभा होता आणि पोराने कोमटच भरल्या. आत वाफ धरली. दोन दिवसांत पेजवर बोंब सुरू झाली. लावण्याने लिहिलं, "आंटी, ये क्या नरम पड गए, चकली है की रबर?" केदारने ती कमेंट काढून टाकली. पुढची आली, तीही काढली. मग लोक खवळलेच. "कमेंटां काट रए? चोर लोगां!"

केदार पलंगावर बसून होता. चेहरा पांढरा पडलेला. "मीच गरम भरल्या आई," तो म्हणाला. "संपलं. पेज बंद करून टाकतो."

उषाताईंना पुढचं सगळं दिसलं. पुन्हा ते लावलेलं दार, ताटावर घातलेली मान. आणि त्यांना अस्सा राग आला!

"बंद कशाला करायचं? लोक बोलताहेत आणि तू त्यांच्या तोंडावर हात ठेवतोस! चुकलं म्हणून सांगायचं सरळ."

"कोण सांगणार?"

"मी सांगते. मला सवय आहे."

सकाळी केस विंचरून त्या ओट्यापुढे स्टुलावर बसल्या. केदारने फोन धरला. लाइव्ह, म्हणजे बोलाल ते त्याच क्षणी सगळ्यांना दिसणार.

"मैं उषा, बरकतपुरे से," त्या म्हणाल्या. "हमेशा मैं बिगडी बिगडी बोलती, वो झूठ रहता. कोई तारीफ करे तो ऐसा बोलने का हमारे में रिवाज है. लेकिन इस बार सच्ची में बिगडी. मैं गरम गरम भर दी. मेरी गलती—"

फोन हलला. उषाताई थांबल्या. केदारने फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला आणि तो येऊन आईशेजारी बसला. दाढी वाढलेली, अंगात जुना बनियन. आता त्या माधापूरच्या लोकांना दिसणार, एकनाथरावांना दिसणार, सगळ्यांना.

"गलती आई की नहीं, मेरी है," तो म्हणाला. "मैं केदार. इनका बेटा. सॉफ्टवेअर में था, फेब्रुवारी में नौकरी गई. अब यहीच काम करता हूँ. जल्दी के मारे गरम भर दिया, और आप लोगां बोले तो कमेंटां भी मैंच मिटाया. जिनकू नरम मिली, सबकू दूसरी भेजूंगा. ठंडी करके."

फोन बंद झाला. मग उषाताईंनी भाजणीचा डबा काढला आणि केदारने न सांगता सोऱ्याला तेल लावलं.

काही लोक गेले ते गेलेच. पण बरेच थांबले. लावण्याने पुन्हा लिहिलं: "अच्छी थी तब भी ये आंटी बिगडी बोलते थे. बिगडी तो बिगडी बोले. मेरेकू और चार पॅकेट होना." तिच्या ऑर्डरीखाली इतरांनीही लिहिलं. केदारने सगळ्यांना उत्तरं दिली, शिव्या घालणाऱ्यांनाही, आणि एकही कमेंट काढली नाही.

वसुबारसेच्या संध्याकाळी एकनाथराव जिना उतरून आले. दार उघडंच होतं. केदार जमिनीवर बसून निवलेल्या चकल्या भरत होता.

"पाहिला रे तुझा व्हिडिओ," ते म्हणाले. मग स्वयंपाकघराकडे वळून, "वहिनी, पोरगं गुणी निघालं हो तुमचं. एवढ्या लोकांपुढे चूक कबूल करायची म्हणजे छाती लागते."

उषाताईंचं तोंड सवयीने उघडलं. "कसचं का—"

केदारचा हात पाकिटावर थांबला. त्याने वर पाहिलं नाही. पण त्या थांबलेल्या हाताकडे उषाताईंचं लक्ष गेलं, आणि शब्द त्यांनी गिळला.

"हो," त्या म्हणाल्या. "आहेच गुणी माझा केदार. लहानपणापासून आहे."

एकनाथराव गोंधळले. ह्यावर काय म्हणायचं ते त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. केदार मान खाली घालून पाकिटाला गाठ मारत राहिला, आणि एकच गाठ त्याने पुन्हा पुन्हा मारली. शेवटी एकनाथरावांनी कपड्यावरची एक चकली उचलली, मोडली. कुर्रकन आवाज झाला.

"वा वहिनी!"

"कसचं काय," उषाताई डोळे पुसत म्हणाल्या, "यंदा जरा बिघडलीच."

त्यावर केदार जो हसला, तो वरच्या मजल्यावर ऐकू गेला असता. पण ऐकणारा इथेच, खाली चकली खात उभा होता.