साध्या टाक्यांची गोधडी आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी गोधडी आहे. पनवेलजवळच्या रोडपाली गावात रंभाबाईच्या हातून माझा जन्म झाला, आणि तो पुरा व्हायला दोन वर्षं लागली. रंभाबाईने मला तिच्या मुलासाठी, काशीरामसाठी शिवायला घेतलं होतं. पण तिला साधं काही आवडतच नसे. माझ्या मध्यभागी तिने आठ पाकळ्यांचं लाल फूल बसवलं. चारी बाजूंना स्वतःच्या लग्नातल्या लुगड्याचा जरीचा काठ लावला. कोपऱ्यांत आरशांची बारीक गोल भिंगं टाचली. हे सगळं होईपर्यंत काशीराम अंगणात कोंबड्यांच्या मागे पळायला लागला होता. तो माझ्यावर एकदाही निजला नाही.

तेव्हा देश नुकताच स्वतंत्र झाला होता. गावात माझं फार कौतुक झालं. कुणाकडे बारसं असलं की बायका मला मागायला येत. पाळण्यात मला अंथरत, माझ्यावर बाळ ठेवत, नाव ठेवून होईपर्यंत सगळे माझ्याकडे बघत राहत. "काय हात हाय गो रंभाचा!" असं म्हणत. नाव ठेवून झालं की रंभाबाई लगेच पुढे होई. "उचला, उचला पोराला. ओली करील," असं म्हणत ती मला घडी घालून घरी नेई. मग पत्र्याची पेटी, डांबराच्या गोळ्या आणि अंधार. गावातली कितीतरी बाळं माझ्या अंगावर घटकाभर पडली, पण त्यांतलं एकही माझं झालं नाही.

त्यामुळे रंभाबाईच्या धाकट्या जावेला, भामाला दिवस गेले, तेव्हा मला वाटलं की आता माझे दिवस आले. भामा ही रंभाबाईच्या दिराची, शिवाची बायको. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच करायचं ठरलं होतं. बाळ आमच्याच घरात जन्मणार होतं. ते माझ्यावर निजणार नाही, तर कशावर?

पौषातल्या एका दुपारी कुलसुम आली. ही कुलसुम पनवेलच्या बाजारातल्या अली शिंप्याची बायको. दुकानात उरलेली कात्रणं गाठोड्यात बांधून ती गावोगाव गोधडी शिवणाऱ्या बायकांना विकत असे. माझी भिंगंही तिच्याच गाठोड्यातून आलेली. तिने पडवीत गाठोडं सोडलं आणि भामाला विचारलं, "बोल बेटी, कशी पायजे? फुलाची, शंकरपाळ्याची, का सरळ टाक्याची?" आणि तिने जमिनीवर तुकडे मांडून तिन्ही तऱ्हा दाखवल्या.

रंभाबाई घरात गेली. तिने पेटी उघडली, मला बाहेर काढलं आणि त्या तुकड्यांच्या शेजारी पसरलं. मी उन्हात चमकले.

"हिला वेगळी कशाला?" रंभाबाई म्हणाली. "ही हाय की घरची."

भामाने माझ्यावरून हात फिरवला. भिंगांत वाकून बघितलं, हसली. मग तिने माझा काठ उचलला आणि स्वतःच्या गालावर घासला. दोनदा घासला.

"बाय, लय सुंदर हाय," ती म्हणाली. "पर मना साधीच पायजे."

"का? हिच्यात काय वाईट हाय?"

"वाईट नाय, बाय. मिठागरावरून आल्यावर दमलेल्या हातानं मना शिवता येल, अशी पायजे. रोज धुवायची, रोज वाळवायची. कडेनं एक ओळ घालायची, तिच्या आत दुसरी, मंग तिसरी. बस."

कुलसुम मान हलवत म्हणाली, "बरोबर बोलते ती, रंभा. बच्चा जरीचा काठ बघत नाही. त्याला नरम लागतं."

रंभाबाईने मला उचललं आणि इतक्या घट्ट घड्या घातल्या की माझी एक पाकळी दुमडून मुरगळली. पेटीचं झाकण तिने जोरात आपटलं. मला त्या आवाजाचं बरं वाटलं. माझा अपमान तिलाही झोंबला होता.

भामाने आपलं जुनं निळं लुगडं फाडलं. कुलसुमकडून पांढरी आणि पिवळी कात्रणं घेतली. एवढ्यावरच ती गोधडी सुरू झाली. पेटीतून मला पडवी दिसत नसे, पण ऐकू सगळं येई. आमच्याकडे नव्या बाळाच्या गोधडीत घरातल्या प्रत्येक बाईने चार टाके घालायची पद्धत होती. शेजारणी आल्या, त्यांनी घातले. भामाने सुई पुढे केली, "बाय, तुमी पन घाला."

"मना तांदूळ निसायचेत," रंभाबाई म्हणाली आणि उठून गेली.

मला इतका आनंद झाला, मित्रांनो, की काय सांगू! त्या गोधडीत रंभाबाईचा एकही टाका नव्हता. ते हात फक्त माझे होते.

चैत्रात भामाला मुलगी झाली. तिचं नाव मालू ठेवलं. बारशाला मला बाहेर काढलं, नेहमीसारखं अंथरलं. मी सगळ्या जरीनिशी ताठ बसले. मालूला माझ्यावर ठेवलं मात्र, ती किंचाळून रडायला लागली. भामाने तिला उचललं, निळ्या गोधडीत गुंडाळलं आणि ती गप्प झाली. बायका हसल्या. "पोरीला आपली गोधडी कळते हो!" कुणीतरी म्हणालं. मी पुन्हा पेटीत.

त्यानंतर माझा जळफळाट रोज वाढत गेला. पेटीच्या झाकणाला कडेला एक पोचा होता. त्याच्या फटीतून समोरच्या कुंपणाचा तुकडा दिसे. त्या कुंपणावर ती वाळत पडलेली असायची. दर धुण्याला तिचा रंग थोडा उतरे, आणि दर धुण्याला ती जास्त मऊ होई. मला डांबराच्या गोळ्यांचा वास येई, तिला दुधाचा. एकदा कावळ्याने तिच्यावर घाण केली, तेव्हा मी मनातल्या मनात कावळ्याला दुवा दिला. पण भामाने ती पुन्हा धुतली आणि ती आणखी मऊ झाली. झोपायच्या वेळी मालू तिचं टोक मुठीत धरते, तोंडात घालते, असं कानावर येई. माझं टोक कुणी कधी तोंडात घातलं नव्हतं.

रंभाबाईचंही काही वेगळं नव्हतं. भामा शेतावर गेली की मालूला तीच सांभाळी. पोर रडायला लागली की कडेवर घेऊन फिरवी, ओव्या म्हणे, पण निळी गोधडी अंगाला लागेपर्यंत मालू ऐकत नसे. "गोधडीला ओळखते," रंभाबाई पुटपुटे, "मोठ्या आईला नाय ओळखत." ती हे पेटीजवळ येऊन म्हणे. मला वाटे, ती मलाच सांगते आहे.

पावसाळ्यात पेटीला ओल लागू नये म्हणून तिला माळ्यावर चढवलं. आणि श्रावणातल्या अमावास्येला मोठं उधाण आलं.

आमचं गाव खाडीच्या काठाला. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. दोन दिवस पाऊस खळला नव्हता, वरून डोंगराचं पाणी आणि खालून भरतीचं पाणी. दुपारी बांधावरून हाक आली, "खांड पडली! खांड पडली!" बांध फुटला होता. घरातली सगळी माणसं टोपल्या आणि फावडी घेऊन धावली. भामाने मालूला रंभाबाईच्या हातात दिलं. "मी जाते, बाय. तुमी हिच्याजवळ राहा." आणि तीही धावली.

पाणी बांधापाशी थांबलं नाही. ते शेतातून, अंगणातून थेट उंबऱ्यावर आलं. मालू तेव्हा झोळीत निजली होती. पाणी आत शिरलं आणि त्याच्या लोंढ्याने झोळीचा एक दोर सुटला. पोर खारट पाण्यात पडली. रंभाबाईने तिला लगेच उचललं, पण मालू नखशिखांत भिजली होती, आणि तिची निळी गोधडीही. रंभाबाई कमरेएवढ्या पाण्यातून पोरीला खांद्यावर टाकून शिडी चढली आणि माळ्यावर आली.

मी पेटीतून मालूचं रडणं ऐकलं. मग ते रडणं बारीक झालं. मग नुसताच हुंदका उरला. रंभाबाईच्या लुगड्यातून पाणी गळत होतं. कोरडं असं माळ्यावर काही नव्हतं. फक्त मी होते.

तिने पेटी उघडली. मालूचे ओठ जांभळे झाले होते. रंभाबाईने तिचे ओले कपडे काढले आणि मला तिच्याभोवती गुंडाळलं. इतकी वर्षं ज्या क्षणाची वाट बघितली, तो आला होता. आणि मालूने मान वळवली तसा माझ्या जरीचा काठ तिच्या गालावर ओढला गेला. गालावर लाल रेघ उठली. ती कळवळली आणि मला पायाने ढकलायला लागली. रंभाबाईने मला उलटं करून बघितलं. आतल्या बाजूला भिंगांच्या गाठी होत्या. त्याही टोचत होत्या.

रंभाबाई एकदम थांबली. मग तिने माझा काठ दातात धरला.

मित्रांनो, तो जरीचा काठ तिच्या लग्नातल्या लुगड्याचा होता. बारशाच्या घरात कुणी नखाने ओरबाडू नये म्हणून ज्याला ती जपत असे, त्याचा टाका टाका तिने दाताने तोडला. कर्र कर्र आवाज होत होता. केसांतला आकडा काढून तिने कोपऱ्यातली भिंगं उचकटली. एक तिच्या बोटात घुसलं. रक्त आलं, ते तिने माझ्याच एका पाकळीला पुसलं. मला फार दुखलं. माझं सगळं देखणेपण माळ्यावर इकडेतिकडे पडलं. पण शेवटी तिने मला पुन्हा मालूभोवती गुंडाळलं, स्वतःच्या छातीशी घट्ट धरलं आणि तिची पाठ चोळत राहिली. हळूहळू पोर गरम झाली. मग तिने मला ओलं केलं. बारशाच्या घरात ज्या गोष्टीला रंभाबाई इतकी भ्यायची, ती घडली. रंभाबाई हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

ओहोटी लागली, घरातलं पाणी उतरलं, तेव्हा भामा चिखलाने माखलेली आली. रिकामी झोळी पाण्यात पडलेली बघून ती ओरडली, "बाय! माझी पोर कुठं हाय?"

"हितं हाय. वरती. झोपलीय."

भामा शिडी चढून आली. तिने मालूकडे पाहिलं, मग सगळीकडे विखुरलेल्या जरीकडे पाहिलं, मग रंभाबाईच्या बोटाकडे.

"बाय, तुमचा जरीचा काठ..."

"गप. उठवशील तिला."

दोघी जावा तशाच एकमेकींना टेकून बसल्या.

तुम्हाला वाटेल, इथे माझी असूया संपली. नाही, मित्रांनो. दोन दिवसांनी निळी गोधडी धुऊन, वाळून परत आली आणि मालूने हात पसरून तिलाच धरलं. मी शेजारी होते, तरी! पण आता पेटी नव्हती. मी खाली अंथरायला आणि ती वर पांघरायला, असा आमचा संसार सुरू झाला. तिचा माझा एकमेकींना स्पर्श झाला की मी अंग आखडून घेई. तिला ते कळलं का, कोण जाणे. ती बोलत नसे. ती फक्त मऊ होती.

मालू सहा वर्षांची होऊन शाळेत जायला लागली, तेव्हा आम्ही दोघीही विरलो होतो. त्याच वर्षी भामाला पुन्हा दिवस गेले. कुलसुम आता म्हातारी झाली होती, तरी गाठोडं घेऊन आली. "बोल बेटी, कशी पायजे?"

भामाने रंभाबाईकडे पाहिलं. रंभाबाईने तुकड्यांकडे बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, "सरळ टाक्याची. कडेनं आत जायचं. पर नवं कापड कशाला? या दोघी हायत की." तिने मला जमिनीवर पसरलं, माझ्यावर निळीला ठेवलं, सुईत दोरा ओवला आणि पहिला टाका स्वतः घातला. सुई निळीतून माझ्यात आली आणि माझ्यातून पुन्हा निळीत गेली. मालू शेजारी बसून दोरा पुरवत होती. ओळ वाकडी गेली की रंभाबाई उसवून पुन्हा घाली.

तर मित्रांनो, घरात एखादी सुंदर वस्तू असली तर ती पेटीत कोंडू नका. ती वापरा. मळली तर धुवा, उन्हात घाला, उसवली तर वेळेवर टाका घाला. आम्हाला जपायचं म्हणजे आमच्यापासून माणसांना दूर ठेवायचं नसतं. मी कितीतरी वर्षं जपली गेले, आणि त्या वर्षांबद्दल मला तुम्हाला सांगण्यासारखं काहीच नाही.

आज बाळ माझ्या बाजूवर निजलं आहे. उद्या भामा आम्हाला उलटं अंथरेल आणि ते निळीच्या बाजूवर निजेल. मला ते अजूनही आवडत नाही. पण तिला सोडून मी कुठे जाणार? आमच्यामध्ये रंभाबाईचे टाके आहेत.