वॉलबीची हरकत

टॅम्सिनने भिंतीवर उमटलेल्या वाक्यातला 'परिपक्व' हा शब्द खोडला, पुन्हा टाइप केला आणि पुन्हा खोडला. ती जे जे करत होती ते प्रोजेक्टरमुळे टेबलाभोवतीच्या सगळ्यांना दिसत होतं, आणि ते आपल्याला चालत नाही हे तिला आज पहिल्यांदाच कळत होतं.

"त्या शब्दाने तुझं काय घोडं मारलंय गं?" ब्रॉनवेन म्हणाली. ती या गटाची प्रमुख. केंब्रिजजवळच्या खेड्यातल्या या इमारतीत तिने अर्धं आयुष्य काढलं होतं.

टॅम्सिनने शब्द परत बसवला आणि खिडकी उघडायला उठली. बाहेर मार्चचा बोचरा वारा होता. तिने खिडकी उघडली, लगेच लावली, आणि खुर्चीवर येऊन बसली.

काम रोजचंच होतं. माशी, मासा, कोंबडी, उंदीर, माणूस, ज्याला ज्याच्यावर संशोधन करायचं त्याने करावं, पण एका गोष्टीला सगळ्यांनी एकच नाव द्यावं आणि त्या नावाचा अर्थही एकच असावा, म्हणून ही सामाईक परिभाषा. व्याख्या लिहायच्या, एका संज्ञेचा दुसरीशी दुवा जोडायचा. कुणी हरकत घेतली तर दुवा जोडणाऱ्याने तो सगळ्यांसमोर राखायचा. जगातला एखादा जरी प्राणी त्यात बसेना, तरी दुवा तोडायचा. आणखी एक नियम म्हणजे इथे फक्त निरोगी वाढ लिहायची. जे बिघडलं ते दुसऱ्या कुणाच्या तरी यादीत.

आज मेंदूची पाळी होती. मेंदूच्या डाव्या-उजव्या अर्ध्या भागांना जोडणारा मज्जातंतूंचा जाड पट्टा असतो. सस्तन प्राण्यांच्या अग्रमेंदूच्या वाढीत या पट्ट्याची वाढ असतेच असते, असा दुवा काही वर्षांपूर्वी यूअनने जोडला होता. यूअन उंदरांच्या मेंदूचा जाणकार होता, टेबलाच्या पलीकडच्या टोकाला बसला होता, आणि टॅम्सिनचा नवरा होता.

गुरुवारी इस्पितळात, टॅम्सिनच्या गरोदरपणातल्या विसाव्या आठवड्याच्या तपासणीत, डॉक्टरबाई पडद्याकडे फार वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी सांगितलं की बाळाच्या मेंदूत हा पट्टा दिसत नाही. अशी काही मुलं चारचौघांसारखी वाढतात, काही कधीच चालत-बोलत नाहीत, आणि आधी काही सांगता येत नाही. पुढे जायचं की थांबायचं ते दोघांनी ठरवून मंगळवारी सकाळी या. आज सोमवार होता.

दोघांनी ठरवायचं तर दोघांनी बोलायला हवं होतं. यूअन गुरुवारपासून वाचत होता. जेवताना वाचायचा, न्हाणीघरात वाचायचा, आणि ती खोलीत आली की कागद पालथे घालायचा. टॅम्सिनने मनाशी ताडलं होतं की याचं ठरलंय, फक्त तोंडाने सांगायचा धीर होत नाहीये. तीही मूग गिळून बसली होती. बोललो तर तो "थांबू या" म्हणेल, आणि ते शब्द एकदा उच्चारले की परत घेता येणार नाहीत, एवढंच तिला कळत होतं.

"माझी हरकत आहे," डेस्मंड म्हणाला. हा ऑस्ट्रेलियाहून आलेला पाहुणा. कांगारूचा धाकटा भाऊबंद जो वॉलबी, त्याच्यावर याने केस पांढरे केले होते. "माझ्या वॉलबींना हा पट्टा नसतोच. पोटावर पिशवी असलेल्या कुठल्याच प्राण्याला नसतो. त्यांचे तंतू दुसऱ्या वाटेने पलीकडे जातात. आणि त्यांचं काही अडत नाही."

त्याच्या दृष्टीने विषय संपला होता. तो बिस्किटांकडे वळला.

"मग दुवा वॉलबी सोडून बाकीच्यांपुरता ठेवू," यूअन म्हणाला. "उंदीर, माणूस वगैरे. त्यांच्यात पट्टा असायलाच हवा."

"आणि नसला तर?" टॅम्सिनने विचारलं.

"नसला तर तो बिघाड. तो आपला विषय नाही."

तो तिच्याकडे न बघता बोलला. घरी एक अक्षर नाही, आणि इथे चारचौघांत हा शब्द त्याला सुचला.

"तुझ्याच प्रयोगशाळेत उंदरांचं अख्खं वाण आहे, पट्टा नसलेलं," ती म्हणाली. "त्यांना अग्रमेंदू नाही?"

"आहे."

"वाढलेला?"

"वाढलेला."

"मग कुणाला पट्टा आहे नि कुणाला नाही हे तुला बघून ओळखता येतं?"

"नाही. डोकं उघडल्याशिवाय नाही." यूअनने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "पण अवघड कामं दिली की काही चुकतात. काही खूप चुकतात. ते लपवून काय उपयोग?"

"लपवतंय कोण?"

ब्रॉनवेन हसली. हे वड्याचं तेल वांग्यावर काढणं आपण कितीदा पाहिलंय, असं ती डेस्मंडला म्हणाली. नवराबायकोला एका गटात घेऊ नये असं तिला सगळ्यांनी सांगितलं होतं म्हणे. भांडी घासायची पाळी कुणाची यावर यांचं जुंपलं की इथे माशीच्या मेंदूचे हाल होतात. डेस्मंडही हसला. टॅम्सिनने हसायचा प्रयत्न केला आणि तिला तो जमला नाही. तिला इथून उठून जायचं होतं, आणि कुठे जायचं ते कळत नव्हतं.

"तर मग?" ब्रॉनवेनने विचारलं. "दुवा यूअनचा. राखतोस की सोडतोस?"

यूअनने खुर्ची डेस्मंडकडे वळवून हळू आवाजात विचारलं,

"तुमच्या वॉलबीची पिल्लं आईला ओळखतात ना?"

डेस्मंडला वाटलं थट्टा चाललीय. "अहो, ओळखतात म्हणजे काय! कळपातून नेमकी आपली आई शोधतात. दुसरीच्या पिशवीत शिरायला गेलं तर थप्पड बसते." तो खो खो हसला. यूअन हसला नाही. त्याने तोंडावर हात धरला.

"सोडतो," तो म्हणाला. "काढून टाका."

टॅम्सिनने दुवा काढला. ब्रॉनवेनने जेवणाची सुट्टी जाहीर केली आणि डेस्मंडला घेऊन ती बाहेर पडली. खोलीत प्रोजेक्टरचा पंखा तेवढा घरघरत राहिला.

"हे विचारायचं होतं तुला?" टॅम्सिन म्हणाली. "इतके दिवस कागद लपवून हेच शोधत होतास?"

"कुणी लिहीतच नाही गं ते. मोजमापं आहेत, टक्केवारी आहे. आईला ओळखतात का, ते कुठेच नाही."

"मला वाटलं तुझं ठरलंय."

"मला वाटलं तुझं ठरलंय. तू बोलतच नव्हतीस. म्हटलं, थांबू या म्हणाली तर हो म्हणायचं, वाद घालायचा नाही. शरीर तुझं आहे."

"गाढवा," टॅम्सिन म्हणाली. तिला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. "मला एकटीला सोडलंस त्यात. मला आपली मुलगी हवी आहे, यूअन. आणि मला भयंकर भीती वाटते. ती बोललीच नाही तर? आपल्यामागे तिचं कोण करेल?"

"मला नाही माहीत."

"मग बस इथे. वाचू नकोस. माझ्याशी बोल."

त्याने आपली खुर्ची ओढत तिच्याजवळ आणली. दारातून ब्रॉनवेनने डोकं आत घातलं. सँडविच संपत आलीत, असं तिने बजावलं.

"मिटलं का तुमचं भांडण?"

"नाही," यूअन म्हणाला. "आत्ता कुठे सुरू झालंय. आमची दोन बाजूला काढून ठेव."