गाळणकागदावरचा साका

डॉक्टरेट मिळायच्या आधीच घरच्यांनी तिला 'डॉक्टरीणबाई' म्हणायला सुरुवात केली, त्यालाही सात वर्षं झाली. आधी कौतुकाने म्हणायचे, मग सवयीने. आता नवरा म्हणायचा तेव्हा जरा जीभ चावूनच म्हणायचा. चव्वेचाळीस वर्षांची बाई रोज डबा घेऊन प्रयोगशाळेत जाते आणि हात हलवत परत येते, हे शेजारीपाजारीही ओळखून होते.

विषय तिनेच हट्टाने निवडलेला, तेव्हा तक्रार तरी कुणाकडे करणार? मधातली प्रथिनं. आता मधात प्रथिनं असतात तरी किती? शंभर ग्रॅमला अर्धा ग्रॅमही नाही. बाकी सगळी साखर नि पाणी. पण ती एवढीशी प्रथिनं बरीचशी माशीच्या लाळेतून आलेली. कापलेलं सफरचंद काळं पडतं, लोखंड गंजतं, तसलाच काहीसा उद्योग शरीरातही चालू असतो. तो रोखणाऱ्या पदार्थांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. मधात ते असतात हे काही गुपित नाही, पण त्याचं बहुतेक श्रेय फुलांना मिळतं. हिचं म्हणणं, माशीचाही त्यात वाटा आहे. मरमर मरायचं माशीने आणि नाव व्हायचं फुलाचं, हा कुठला न्याय?

तपासायची रीत सोपी होती. एक गडद जांभळं द्रावण असतं. त्यात अँटिऑक्सिडंट पडलं की जांभळा रंग उतरून पिवळा होतो. तीन वर्षं तिने मधातली प्रथिनं वेगळी काढून त्यात टाकली, आणि तीन वर्षं जांभळं जांभळंच राहिलं. ढिम्म.

महिनाअखेर तिच्या नोंदणीची मुदत संपत होती. तिचे मार्गदर्शक सर माणूस म्हणून भले. त्यांनी तिला बसवून घेऊन सांगितलं की प्रथिनांचं प्रकरण सरळ काढून टाका, साखरेचे आणि रंगाचे आकडे आहेत तेवढे लिहा आणि पदवी पदरात पाडून घ्या. तिने मान डोलावली, पण मन काही धजेना. प्रथिनं काढल्यावर उरणार काय? लोक डॉक्टरीणबाई म्हणतील, आणि आपल्याला मात्र माहीत असेल की आपण शोधायला निघालो होतो ते सापडलंच नाही.

त्याच आठवड्यात आत्या डोळे तपासायला शहरात आली. ही तिच्या वडिलांची धाकटी बहीण. वय सत्तर, डोंगरउतारावर मधमाश्यांच्या वीस पेट्या, आणि प्रयोगशाळेतला बराचसा मध तिच्याकडचाच. आत्याच्या हातावर माशा खुशाल बसत, जिभेवर बसायची मात्र त्यांचीही छाती नव्हती. दवाखान्यातला नंबर दुपारचा होता, म्हणून एक बाटली काखेत मारून ती सकाळीच प्रयोगशाळेत हजर झाली आणि स्टुलावर ठाण मांडून बसली.

डॉक्टरीणबाईंनी तिला सगळं दाखवलं. थंडीने रवाळ झालेला मध आधी पासष्ट अंशाच्या पाण्यात तासभर ठेवायचा, म्हणजे पातळ होतो. मग पाणी घालून गाळणकागदातून गाळायचा. कागदावर तपकिरी साका राहतो, तो फेकायचा. खालचं पाणी बारीक छिद्रांच्या नळीत भरून दोन दिवस गार पाण्यात सोडायचं. साखर बाहेर जाते, प्रथिनं आत राहतात. याला म्हणतात डायलिसिस. आत्या म्हणाली, माणसाचं ऐकलं होतं बाई, मधाचंही करतात हे आजच कळलं.

मग तिने त्या गरम पाण्यात बोट घातलं आणि चटकन मागे घेतलं. तिचा चेहराच बदलला.

"माझा मध तू शिजवतेस होय गं?"

डॉक्टरीणबाई हसल्या. शिजवत नाही, पातळ करतेय, नाहीतर गाळला जात नाही, असं त्यांनी समजावलं. आत्याला ते पटलं नाही.

"तूच मला सांगितलं होतंस ना, की माशीची प्रथिनं म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या बलकाच्या जातीतली. मग बलक गरम पाण्यात सोडला की काय होतं?"

"घट्ट होतो."

"आणि गाळला तर?"

उत्तर देता देताच तिला उमगलं. गाळणीत राहतो. दुसरीकडे कुठे जाणार? तिने वाकून कचऱ्याच्या डब्यातून सकाळचा गाळणकागद बाहेर काढला. त्यावरचा तपकिरी साका तिने बोटाने चाचपला. जे शोधत होती ते तीन वर्षं ती स्वतःच्या हाताने केरात टाकत होती. आत्याने तिच्या पाठीवर हात ठेवला.

दुसऱ्या दिवशी तिने रवाळ मध चमच्याने खरवडून काढला आणि नळाच्या गार पाण्यात घातला. विरघळायला अर्धा दिवस गेला. पुढे गाळणी, नळी, दोन दिवसांची वाट. चौथ्या दिवशी तिने नळीतला थेंब जांभळ्यात सोडला आणि घड्याळ लावून बसली. अर्ध्या तासात जांभळं फिकटलं, मग पिवळं पडलं. तिने पाच वेळा करून पाहिलं. पाचही वेळा पिवळं. आनंदाने तिला रडू फुटलं.

आनंद फार वेळ टिकला नाही. पासष्ट अंशाची ती पद्धत सरांची होती. अठ्ठावीस वर्षांपूर्वी त्यांनी मधातल्या साखरेवर काम केलं, तेव्हा बसवलेली. साखरेला गरम पाण्याचं काय सोयरसुतक? तिथे ती चाललीच. पुढे सगळे विद्यार्थी तीच वापरू लागले, कारण पद्धत बदलली की आकडे जुन्या आकड्यांशी जुळत नाहीत, असं सर बजावत. त्यांना निवृत्त व्हायला वर्ष राहिलेलं. नवरा म्हणाला, कशाला त्यांना दुखावतेस, जे सापडलं तेवढं गुपचूप घुसडून दे आणि मोकळी हो. तिला ते पटेना. तीन वर्षांत तपासलेल्या चाळीस बाटल्यांचं काम चुकीचं होतं. आणि ती गप्प बसली असती, तर मागून येणाऱ्यांनीही मध शिजवलाच असता.

सकाळी तिने सरांच्या टेबलावर दोन परीक्षानळ्या ठेवल्या. एक जांभळी, एक पिवळी. तिने काही लपवलं नाही. कागदावरच्या साक्यापर्यंत सगळं सांगितलं.

सरांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या. कितीदा केलं, एवढंच त्यांनी विचारलं. ती म्हणाली, पाचदा. मग त्यांनी विचारलं, हे लक्षात कुणाच्या आलं?

"माझ्या आत्याच्या, सर. शाळा चौथीपर्यंत."

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि 'या तुम्ही' म्हणाले. ती बाहेर आली ती संपलंच सगळं असं धरून.

दुपारी कार्यालयातल्या क्लार्कबाईंनी तिला बोलावून एक अर्ज पुढे सरकवला. मुदतवाढीचा होता, सरांच्या अक्षरातला. 'विद्यार्थिनीने तीन वर्षे काटेकोर काम केले आहे. वापरलेली पद्धत माझी होती. ती या कामाला चुकीची आहे, हे विद्यार्थिनीने सिद्ध केले. वाया गेलेल्या काळाची जबाबदारी माझी आहे. तिला सहा महिने द्यावेत.' तिने तो तिथेच उभ्याने दोनदा वाचला. डोळे भरून आले तशा क्लार्कबाई म्हणाल्या की बाई, रडा हवं तेवढं, पण जरा बाजूला, ती एकच प्रत आहे. आणि असं पत्र असल्यावर समिती नाही म्हणायची नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीपेक्षा लवकर पोचली, तर प्रयोगशाळेचं दार उघडं. बेसिनपाशी सर उभे होते, बाह्या दुमडलेल्या, कोपरापर्यंत मधाने चिकट. समोर गार पाण्याचं चंचुपात्र, आणि तळाशी रवाळ मधाचा गोळा जसाच्या तसा. ते काचेच्या कांडीने ढवळून ढवळून घामाघूम झाले होते.

"वीस मिनिटं झाली, हलायला तयार नाही," ते म्हणाले. "तुमच्या आत्याबाई अशा वेळी काय करतात?"

"थांबतात, सर."

सरांनी कांडी खाली ठेवली. मग दोन स्टुलं ओढली, एक तिच्याकडे सरकवलं आणि दुसऱ्यावर स्वतः बसले.