पाचूचं तेल

"तू काही बोलू नकोस. फक्त मान हलव," सासरे आतल्या खोलीत सुनेच्या कानाशी कुजबुजले.

बाहेर दुकानात एक म्हातारी आपल्या आईची अंगठी तळहातावर घेऊन उभी होती. "हा माझा पाचू नाहीच! माझा कसा हिरवागार होता. ह्यात नुसत्या पांढऱ्या भेगा!"

अंगठीतल्या खड्याची पकड सैल झाली होती म्हणून तिनं दुरुस्तीला टाकली होती. ते काम दुकानात खडे बसवणाऱ्या जडाईवाल्या काकांनी केलं. झालं, सासऱ्यांनी खडा बदलल्याचं बालंट त्यांच्यावर आणलं. म्हातारी पोलिसांना बोलवायची भाषा करू लागली. काका भिंतीला टेकून उभे होते.

सून दुकानाची रत्नपारखी. खडा खरा की काचेचा, तापवून रंग आणलेला की खाणीतून निघाला तसाच, हे ती भिंगातून आतल्या रेघा नि बुडबुडे बघून सांगायची. तिच्या शब्दावर गिऱ्हाईक डोळे मिटून विश्वास ठेवी. सासऱ्यांना नेमकं तेच हवं होतं: खडा काकांनी बदलला म्हणताच तिनं मान हलवायची.

"बाबा, भावोजींनी अंगठी दागिने धुण्याच्या मशीनमध्ये टाकली होती."

"चकचकीत व्हावी म्हणून!" दीर पुटपुटला. "हिरे नाही का धुत?"

"हिऱ्याची गोष्ट वेगळी. पाचूच्या अंगात जन्मजात भेगा असतात, त्यांत तेल मुरवलेलं असतं. मशीननं ते उपसून काढलं."

"घरची अब्रू चव्हाट्यावर मांडणार आहेस का?" सासरे गुरकावले.

"काकांची मांडलीतच की तुम्ही."

पडदा सारून ती बाहेर आली. "आजी, तुमच्या पाचूची काही खूण?"

"कोपऱ्याचा टवका उडालाय. लहानपणी मीच उंबऱ्यावर आपटला होता. धपाटेही खाल्ले."

तिनं अंगठी भिंगाखाली धरली, फिरवली आणि भिंग म्हातारीच्या हाती दिलं. "हे बघा तुमचे धपाटे."

म्हातारी वाकली. "अगं बाई! आहे की गं."

मग सुनेनं अंगठी दिव्याखाली कोमट केली आणि वाटीतल्या देवदाराच्या तेलात बुडवून ठेवली. सगळे वाटीकडे बघत राहिले. हळूहळू भेगा विरत गेल्या. पूर्वीइतका नाही, पण हिरवा रंग परतला.

"म्हणजे याला तेल होतं?"

"बहुतेक पाचूंना देतात, आजी. विकताना सांगायचं असतं, एवढंच. आणि ते आमच्याच मशीननं काढलं. काकांनी फक्त पकड आवळली."

म्हातारी काकांकडे वळली. "माफ करा हो, तोंडाला येईल ते बोलले."

सासऱ्यांचा चेहरा लालबुंद झाला. "उद्यापासून इथं पाऊल टाकायचं नाही! दुकान माझं आहे."

"दुकान तुमचं, भिंग माझं. आणि उद्या मी येणार, वेळेवर येणार. माझी मान हलायला हवी असेल तर आधी खडा दाखवायचा."

मशीनची वायर उपटून तिनं दिराच्या हातात दिली आणि आपल्या टेबलाशी जाऊन बसली. काकांनी कोपऱ्यातलं आपलं स्टूल उचललं, सासऱ्यांसमोरून नेलं आणि तिच्या टेबलाला लावून ठेवलं.