नाव रुग्णाच्या तोंडून

हिमानी म्हणजे माह्या बहिणीची पोट्टी. स्वभावानं गरीब गाय, पण कोणी 'काहीतरी नवीन सुचव' म्हटलं की हिची दातखिळी बसे. जाहिरातीच्या कंपनीनं सहा महिन्यांत घरी पाठवलं. माह्याजवळ येऊन रडली, "मावशी, मले काही सुचतच नाही वं." म्हटलं, रडते काहून? सगळ्यायलेच सुचाले लागलं तं सुचलेलं करन कोण? तिले लॅबमधल्या तपासण्यांचा डीएमएलटीचा कोर्स करायले लावलं आन् रामदासपेठेतल्या आमच्या रक्तपेढीत घेतलं. तीन महिने कच्ची नोकरी. पक्की व्हायची तं माही सही लागते, कारण तिथली मुख्य तंत्रज्ञ मी. शोभाताई म्हटलं की डॉक्टरही नीट बसतात.

पोट्टीनं भिंतीवरची नियमांची यादी पाठच केली. फ्रिजचं तापमान दर चार तासांनी म्हणजे चार तासांनीच, मग चहा थंडा का होईना. मी मनातून लय खूश होती.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी वॉर्डातून रामाजी नावाच्या म्हाताऱ्यासाठी मागणी आली. अकराले ऑपरेशन होतं. सोबत त्याच्या नावाच्या नळीत नमुन्याचं रक्त. घाईघाईत ते मीच तपासलं. बी पॉझिटिव्ह निघालं, पिशवी जुळवली, सही ठोकली. दुसरी सही हिमानीची. तिनं नळी उचलली आन् थांबली.

"मावशी, यावर रक्त काढणाऱ्याची सही नाही."

"राहिली असन."

"सही नसन तं नळी फेकायची आन् नवीन रक्त घ्यायचं. यादीत आहे."

वरून फोनवर फोन. डॉक्टर जितेंद्र ओरडून राहिले होते, "ताई, पेशंट टेबलवर घ्यायचा आहे!" माह्या डोक्याचा पार भुगा झाला. तीस वर्षांत एका सहीपायी कोणाचं ऑपरेशन अडलं नव्हतं. मी म्हटलं, "हिमानी, सही कर आन् पिशवी दे. नाहीतर उद्यापासून येऊ नको."

तिचे डोळे भरले. पण पिशवी तिनं परत फ्रिजात ठेवली, नवीन नळी घेतली आन् जिना चढाले लागली. मी तिच्या मागं, तोंडाचा पट्टा चालूच.

सहा नंबरच्या खाटेपाशी तिनं विचारलं, "बाबा, तुमचं नाव काय?" नाव आपण सांगायचं नाही, रुग्णाच्या तोंडून ऐकायचं, हेही त्या यादीतलंच.

"रामाजी. काहून वं बाई, रक्त घेता का? सकाळपासून तं कोणी आलंच नाही."

बाप्पा! मग खालच्या नळीतलं रक्त कोणाचं?

बाजूच्या खाटेवर नरखेडकडचा एक माणूस औषधानं गाढ झोपला होता. त्याची बायको प्रेमिला पदर सावरत उठली. "आमच्या ह्यायचं रक्त घेतलं जी सकाळी. सिस्टर घाईत होती. 'रामाजीच ना?' म्हणे. माह्या सासऱ्याचं नाव हाय ते, आमच्या घराले गावात रामाजीचंच घर म्हणतात. मी मान हलवली. सासऱ्याचं आन् मालकाचं नाव तोंडानं कसं घेऊ जी?"

म्हाताऱ्याचं रक्त ओ पॉझिटिव्ह निघालं. बीची पिशवी चढली असती तं तो टेबलवरच गेला असता, आन् तिच्यावर माही सही होती. मी खाली येऊन बसली. अशी लाज मले जन्मात वाटली नव्हती.

हिमानीनं ओची पिशवी जुळवली, नळी तपासली, नळीवरची सही तपासली, पिशवी वर पाठवली, वहीत वेळ लिहिली. मग माह्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मावशी, उद्या येऊ का मी?"

ती खरंच विचारून राहिली होती. टोमणा मारता येत नाही तिले.

"येजो वं बाई," मी म्हटलं, "आन् माही सही दिसली, तरी आधी तपासजो."